सुंठीच्या कंपनीला साक्षीदार हवेत

"आवं मॅडम, कंपनी-बिंपनी हितं कुठली? हितं आल्याची वावरं आणि म्हसरं. दुसरं काय न्हाई बघा."

पारावर बसलेले पांडूआण्णा छातीवर हात ठेवून सांगत होते. शेजारच्या चौघांनी देवळातल्या घंटेसारख्या माना हलवल्या. समोर पुण्याहून आलेल्या, कंपन्यांच्या रजिस्ट्रार ऑफिसच्या मॅडम, हातात फाईल. मी सांगलीहून गाडी हाणत नुकताच पोचलो होतो. जिची नावनिशाणी गाव पुसत होतं, त्या कंपनीची कागदपत्रं बघणारा माणूस मीच.

मी पुढं झालो. "पांडूआण्णा, अहो मी! वळखलं न्हाई?"

आण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. "कोण वो तुमी? आमी न्हाई वळखत."

मागच्याच महिन्यात याच माणसानं मला आग्रह करकरून इतकं जेवू घातलं होतं, की परतताना माझी गाडी एका बाजूला कलली होती.

मी पेशानं कंपनी सेक्रेटरी. ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. सेक्रेटरी म्हटलं की आमच्याकडं लोकांना विकास सोसायटीचा सचिव आठवतो आणि ते खताची चौकशी करतात. माझं काम वेगळं. कंपनी कायद्यानं सांगितलेल्या गोष्टी कंपनीनं केल्यात की नाही, ते बघणं. कायदा दर वर्षी कात टाकतो. जुनी कात क्लायंटला समजावून होईस्तोवर नवी आलेली असते.

ही कंपनी होती सुभेदार आबांची. मिलिटरीतून निवृत्त होऊन आबांनी रहिमतपूरच्या अलीकडं, आपल्याच गावात सुंठ पावडरचा कारखाना टाकला. प्रायव्हेट लिमिटेड. आल्याची सुंठ करायची, दळायची, औषधवाल्यांना पाठवायची. गावातल्या बाया तिथं कामाला. पावडर अशी जहाल, की वारा फिरला तर कोयनानगरला माणसं शिंकतात. हे आबांचं म्हणणं. मी फक्त कराडपर्यंतची खात्री देतो.

आता अडचण ऐका. प्रत्येक कंपनीला एक रजिस्टर्ड ऑफिस लागतं. म्हणजे असा पत्ता, जिथं सरकारचं पत्र पोचलं पाहिजे आणि ते घेणारं कुणीतरी पाहिजे. पूर्वी हा पत्ता कागदावर असला की भागायचं. मग शहरांत एकेका टेबलावर बोगस कंपन्यांच्या वस्त्या वसल्या, आणि सरकारनं कायद्यात नवी तरतूद घातली. शंका आली की रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस स्वतः येणार, जागा बघणार, फोटो काढणार, आणि हे सगळं त्याच भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर. याला म्हणतात फिजिकल व्हेरिफिकेशन. जागा सापडली नाही तर नोटीस, आणि उत्तर पटलं नाही तर 'स्ट्राइक ऑफ'. रजिस्टरमधून नाव कट. कंपनी कायद्यापुरती मयत. बँकेचं खातं बंद, ऑर्डर बंद, बायांचं काम बंद.

आबांवर शंका का आली? तर रजिस्ट्रारचं पत्र परत गेलं होतं. पोस्टमन नवा. त्यानं पारावर विचारलं. आता आमच्या भागातला एक अलिखित कायदा आहे आणि तो संसदेला बदलता येत नाही. सरकारी लिफाफा घेऊन कुणी आपल्या माणसाचा पत्ता विचारला, की आधी म्हणायचं, "इथं राहत न्हाई." मग रात्री त्याच्या घरी जाऊन विचारायचं, "काय लफडं हाय गड्या?" पारानं इमानानं आबांना वाचवलं होतं. आणि मॅडम ठरल्या वेळेच्या तासभर आधी आल्या म्हणून आत्ता पुन्हा वाचवत होता.

"आणि डायरेक्टर?" मॅडमनी विचारलं. "सुभेदार म्हणून आहेत ते?"

"त्ये व्हय? त्ये बॉर्डरला असत्यात," आण्णा म्हणाले. "लय बर्फ हाय म्हणं तिकडं."

एवढ्यात बॉर्डरवरचे सुभेदार बुलेटवरून आले. कडक इस्त्री, मिशीला पीळ.

"जयहिंद मॅडम! चला, सगळी तयारी फिट आहे."

पांडूआण्णा वर बघत पिंपळाची पानं मोजू लागले.

तयारी खरंच फिट होती. मी आबांना फोनवर बजावलं होतं, की कायद्यानं ऑफिसबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता दिसेल असा लावावा लागतो, आणि इंग्रजीत असला तर मराठीतही. आबांनी मस्त रंगवून घेतला होता बोर्ड. मला फोटोही पाठवला होता. आम्ही पोचलो तर बोर्ड गायब! त्या जागी भिंतभर फ्लेक्स. 'रजिस्ट्रार मॅडम यांचे सहर्ष स्वागत.' खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीनं. त्यात गॉगल लावलेले पांडूआण्णा.

मॅडमनी फ्लेक्स वाचला. पुन्हा वाचला. "हे मघाशी पारावर होते ना? कंपनी नाही म्हणाले ते?"

"जनसंपर्क बघतात आमचा," आबा म्हणाले.

"आबा, बोर्ड कुठं आहे?" मी दातओठ खात विचारलं.

"फ्लेक्सच्या मागं. दुसरीकडं खिळा बसंना."

फ्लेक्स फाडायचा म्हणजे शुभेच्छुकांच्या तोंडावर कात्री. शेवटी आबांनी तो चादरीसारखा गुंडाळून वर बांधला. बोर्ड दिसला, मॅडमनी फोटो काढला. कागद, बिलं, यंत्रं सगळं जुळलं. माझा जीव भांड्यात पडला, तोवर मॅडम म्हणाल्या, "आता साक्षीदार. दोन. स्वतंत्र हवेत. डायरेक्टरचे नातेवाईक नकोत, कामगार नकोत, कंपनीशी देणंघेणं असलेले नकोत."

बाहेर एव्हाना जत्रा जमली होती. आबांनी हाक दिली आणि गाव रांगेत उभं राहिलं.

"तुम्ही कोण?"

"चुलतभाऊ."

"तुम्ही?"

"ह्यांची बहीण माझ्या भावाला दिलीया."

"आणि तुम्ही?"

"मी तसा लांबचा. आबांच्या आज्याचा भाऊ माझा पणजा."

एक म्हणाला नातं काहीच नाही, फक्त येत्या वैशाखात होणार आहे. शाळेचे गुरुजी पुढं आले, जतचे, आडनाव, जात, पाहुणे सगळंच वेगळं. मला वाटलं, सुटलो. मॅडमनी विचारलं, "राहता कुठं?" गुरुजी म्हणाले, "सुभेदारांच्याच वरच्या खोलीत. भाडं घेत नाहीत, देवमाणूस आहे."

कायदा लिहिणाऱ्यानं आमचं गाव पाहिलेलं नसावं. इथं म्हशींचीसुद्धा सोयरीक निघते.

"एकही माणूस नाही?" मॅडमनी पेन बंद केलं. "मग मला रिपोर्टमध्ये तसं लिहावं लागेल."

आबांची मिशी पहिल्यांदा सैल पडली. दारात उभ्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. तेव्हा गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "तात्या हाय की."

सगळ्यांनी आबांकडं बघितलं.

तात्या म्हणजे कारखान्याला लागून घर असलेले शेजारी. आडनाव वेगळं, भावकी वेगळी. आबांशी भांडण बांधावरच्या शेवग्यावरून. तो शेवगा केव्हाच वाळून गेला, भांडण मात्र दर साली शेंगा धरतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची कुत्रीसुद्धा एकमेकांवर भुंकत नाहीत, पाठ फिरवतात. तात्यानं नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी आबांची कंपनी पारावरच्या थापेसारखी हवेत गेली असती.

"नको," आबा माझ्या कानात म्हणाले. "दुश्मनाच्या हातात बंदूक देताय, साहेब."

पण मॅडम चालू लागल्या होत्या. तात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"सुभेदार तुमचे कोण?"

"कोण न्हाई. त्याच्यासंगं बोलणंसुदिक न्हाई माझं."

"बरं. इथं शेजारी एखादी कंपनी चालते का?"

तात्यानं तंबाखू मळायची थांबवली. आबांकडं बघितलं. मग बायांकडं. आमच्या मागं उभ्या गावानं श्वास धरला. माझा तर असा अडकला की सोडायला पुढं सांगलीतच जमलं.

"चालती का?" तात्या उठून उभे राहिले. "आवं, थांबती का म्हणून इचारा! सकाळी सा वाजता ती चक्की सुरू हुती. खाटंसकट मी हालतो. टेम्पो दारात आडवा. कुरियरवाला रोज माझीच कडी वाजवतो. आणि ती सुंठ! माझी म्हस शिंकून शिंकून दुधाच्या बादलीत त्वांड घालती. लिवा हे सगळं. लिवून घ्या!"

आतून काकू पदर खोचत आल्या. "सा न्हाई, साडेपाचला. ह्यास्नी काय म्हाईत, हे झोपल्यालं असत्यात."

"आत्ता तर म्हनलो, मी खाटंसकट हालतो."

"मीच हालवती. उठा म्हणून."

मॅडम ओठ आवळून लिहीत होत्या. "काकू, तुम्ही दुसऱ्या साक्षीदार व्हाल? पण तुम्ही नवरा-बायको..."

"मॅडम, काळजी नको," तात्या म्हणाले. "ही माझं कवाच ऐकत न्हाई."

तेवढ्यात कारखान्यात कुणीतरी चक्की सुरू केली. वारा आमच्याच बाजूचा. मॅडमना पहिली शिंक आली, मग दुसरी, मग तिसऱ्या शिंकेला फाईल उडून तात्याच्या अंगणात. नाक पुसत त्या म्हणाल्या, "धंदा चालू आहे. याबद्दल माझी खात्री झाली."

तात्यानं सही अशी रेटून केली, की खालच्या पानावरही उमटली असेल. काकूंनी त्यांच्या सहीच्या वर केली.

मॅडमची गाडी गेल्यावर आबा ओट्यापाशी घुटमळले. इतक्या वर्षांनी बोलायला सुरुवात करायची होती. मिलिटरीत ह्याचं ट्रेनिंग नसतं.

तात्याच म्हणाले, "बघतोस काय रं? तुजी कंपनी गेली तर मी भांडू कुणासंगं?"

पुढं काही दिवसांत कळलं, की पत्ता बरोबर, फाईल बंद. कंपनी रजिस्टरवर ठणठणीत जिवंत आहे. चक्की आता सातला सुरू होते. तात्याचं म्हणणं, त्यामुळं जाग येत नाही आणि दूध काढायला उशीर होतो. त्यावर नवं भांडण सुरू आहे, पण ते आता एकाच ओट्यावर बसून, चहा घेऊन होतं. कुरियरवाला अजूनही तात्याचीच कडी वाजवतो, आणि कंपनीचं सगळं टपाल तात्याच शिव्या देत सही करून घेतात. तेव्हापासून एकही पत्र परत गेलेलं नाही.

माझ्याकडं नवी कंपनी काढायला कुणी आलं, की मी पत्त्याचा पुरावा मागतो, बोर्ड मराठीत लावायला सांगतो, आणि एक जादा प्रश्न विचारतो, "शेजाऱ्याशी पटतं का?" "एकदम घरच्यासारखं," असं उत्तर आलं की मी जरा चिंतेत पडतो.