मावशीच्या पेटीतला फाटका आवाज

"वहिनी, एकदा कान तपासून घ्या," मास्तर सगळ्यांच्या देखत म्हणाले, आणि माझ्या मावशीने गिटारची तार वाजता वाजता तळहाताने दाबली.

मास्तर म्हणजे मावशीचे धाकटे दीर. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेल्यानंतरही ती मास्तरांच्या बँडमध्ये गिटार वाजवत होती. दिवसभर गाड्यांच्या सीट शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची आणि संध्याकाळी टायरच्या दुकानामागच्या खोलीत तालमीला जायची. तिचा उजवा कान लहानपणी तापात गेलेला. मास्तरांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण आजवर त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बँडमध्ये जमेल तशी वाजवणारी बाई हवी होती तोवर एक कान पुरत होता.

तक्रार मावशीनेच आधी केली होती. जाड तारेवर हात पडला की स्पीकरमधून खरखर यायची, कोणी आत वाळू चाळतंय अशी. तिने सांगितलं तेव्हा कोणालाच ऐकू आली नव्हती. "वहिनी, तुमचं वाजवणं तर पहिल्यापासून फाटकंच," असं म्हणत कीबोर्डवाला हसला होता. मग एका नाचाच्या कार्यक्रमात खरखर इतकी वाढली की पुढच्या रांगेतल्या बाईने कानावर हात ठेवले. आता सगळ्यांना ऐकू आलं, आणि सगळ्यांचं ठरलं की दोष मावशीच्या हाताचा. नाहीतर कानाचा.

"भाऊजी," मावशी म्हणाली, "फाटका आवाज मला आवडतो. पण मी फाडीन तेव्हा तो फाटला पाहिजे. हा आपला आपण फाटतोय."

"कामगार क्लबच्या कार्यक्रमाला तुम्ही विश्रांती घ्या," मास्तर म्हणाले. "तुमच्या वाट्याचं गिटार कीबोर्डवर वाजवून घेऊ."

विश्रांती! हा शब्द तिच्या डोक्यात गेला. तिने तिथल्या तिथे अँपची, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, वायर काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धर गं त्या बाजूने." मी तिला न्यायला म्हणून गेले होते आणि गाडी ओढायच्या कामाला लागले. अँप आणि ती कपाटाएवढी स्पीकरची पेटी हातगाडीवर चढवून आम्ही दोघी रस्त्याने निघालो. मागून ड्रमवाल्याने, ज्याला सगळे पिंप म्हणत, हाक मारली, "मावशी, मी येऊ का धरायला?" तिने वळूनही पाहिलं नाही. पिंप तरीही आला आणि मुकाट्याने मागून ढकलत राहिला.

स्वयंपाकघरात टेबल सरकवून पेटी मधोमध ठेवली. मावशीचा पहिला संशय अँपमधल्या व्हॉल्व्हवर, आतल्या काचेच्या नळ्यांवर, होता. दुरुस्तीवाल्याचंही तेच म्हणणं. नवे व्हॉल्व्ह बसवून आणले, तार छेडली, आणि वाळू होती तशीच. मावशीने गिटार खाली ठेवली.

"बरोबर म्हणतात का गं ते?" तिने मला विचारलं. तिच्या तोंडून असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

"मलाही खरखर ऐकू येते," मी म्हणाले. "माझे दोन्ही कान शाबूत आहेत."

"मग झालं तर." ती उठली. "आता अंदाज नाही. एकेक वस्तू बदलायची."

आधी गिटार बदलली. पिंपाने त्याच्या मेहुण्याची आणून दिली. खरखर तशीच. मग वायर बदलली. तशीच. मग त्याच मेहुण्याचा छोटा स्पीकर अँपला जोडला, आणि आवाज आला तो स्वच्छ, गोल, भरलेला. मावशीने आवाज वाढवला, अजून वाढवला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. तिने उलट त्यांची भिंत ठोकली.

"अँप चांगला आहे, हात चांगला आहे," ती म्हणाली. "रोग पेटीत आहे."

मागची फळी उघडली. आत दोन मोठे स्पीकर, वरचा आणि खालचा. तिने अँप बंद करून त्यांच्या वायरी सोडवल्या, घड्याळातला सेल काढला आणि एकेकाच्या टोकांना क्षणभर टेकवला. वरचा "ठप्" असा नीट बोलला. खालच्याने "ठर्र" केलं. मग तिने समोरून खालच्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोटं पसरून ठेवली आणि अगदी हलक्या हाताने तो आत दाबला. चांगला कान जवळ नेला. मला म्हणाली, "इथे ये."

आत काहीतरी घासत होतं. पडद्याला चिकटलेली तारेची कॉइल लोहचुंबकाच्या फटीत मोकळी हलायला हवी, ती कडेला लागत होती.

कारण पेटीच्या बुडाशी दिसलं. स्पीकर बसवलेली पुढची फळी खालच्या बाजूला ओलीने फुगून वाकली होती आणि स्क्रूंनी आवळलेली स्पीकरची चौकट तिच्याबरोबर पिळली गेली होती. तालमीच्या खोलीत एकच भिंत ओली होती. कीबोर्ड, माईक, मास्तरांची खुर्ची, सगळं कोरड्या बाजूला. आणि मावशीची पेटी पहिल्या दिवसापासून त्या भिंतीला टेकून.

"मला वाटायचं, कोपरा दिलाय तोच खूप झाला," ती म्हणाली, आणि स्क्रू इतक्या जोरात पिळला की पेचकस सटकून बोटाला लागला.

स्क्रू सैल केल्यावर घासणं कमी झालं, पण गेलं नाही. कॉइल खरवडली गेली होती. तो स्पीकर बाद. पिंपाने हात टेकले. "मावशी, आता नवीन आणेपर्यंत थांबावंच लागणार."

"थांबायचंच तर इतकी खटपट कशाला केली असती?"

तिने बाद स्पीकर काढला, भोकावर प्लायवूडचा तुकडा ठोकला आणि त्यावर कारखान्यातल्या उरलेल्या सीटचं काळं रेक्झिन ताणून पिना मारल्या. राहिलेल्या एका स्पीकरला सोसेल तसा अँपच्या मागचा खटका फिरवला. आवाज पूर्वीइतका दांडगा नव्हता. पण स्वच्छ होता, आणि बटण फिरवल्यावर तिला हवा तसाच फाटत होता.

क्लबच्या हॉलमध्ये आम्ही हातगाडी घेऊन पोचलो तेव्हा बँडवाले वायरी लावत होते. मास्तर आडवे आले. "वहिनी, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं."

"स्टेजवर जागा नाही."

मावशीने कीबोर्डचा स्टँड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. "झाली."

तिने गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. स्वच्छ सूर हॉलच्या मागच्या दारापर्यंत गेला. मग बटण फिरवून तीच तार पुन्हा, आता गुरगुरणारी, धारदार. झाडू मारणारा माणूस थांबून बघायला लागला.

मास्तर गडबडले. "पेटीतच बिघाड होता, तर आधी बोलायचं ना!"

"बोलले होते. तुम्ही मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवत होतात."

"पण कीबोर्डवाल्याने सगळं बसवलंय..."

"वाजवू दे की. मी त्याला नको म्हणत नाही. आणि भाऊजी, यापुढे माझी पेटी कोरड्या भिंतीला राहील. तुमची खुर्ची तिकडे टाका."

मास्तरांनी मदतीसाठी पिंपाकडे पाहिलं. पिंपाने काड्या एकमेकींवर आपटून ताल मोजायला सुरुवातही केली होती.

माफी कोणी मागितली नाही. त्या संध्याकाळी मावशीने सगळी गाणी वाजवली. मधे एकदा मास्तर तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "पुढचं गाणं हळुवार आहे, जरा कमी करा." गाणं खरोखरच हळुवार होतं, म्हणून तिने आवाज कमी केला. ते संपलं, लोक पुन्हा नाचायला उभे राहिले, तसं तिने कोणाला न विचारता आवाजाचं बटण पुन्हा वर नेलं.