पानाबाहेर बघणारी मुलगी

रोज सकाळी साडेआठला आत्या कोपऱ्यावरच्या पेपरच्या स्टॉलसमोर थांबायची, मोजून दहा पावलं मागे जायची आणि एक डोळा बारीक करायची. त्या अंतरावरून दोरीला लटकवलेली मासिकं म्हणजे नुसते रंगांचे तुकडे दिसत. त्यातला कोणता तुकडा आपल्याला आधी हाक मारतो, एवढंच तिला बघायचं असे. मग पुढे येऊन ती तेच मासिक उचलायची, मुखपृष्ठ बघायची, अनुक्रमणिका बघायची आणि होतं तिथे ठेवून चालू पडायची.

"नजर लागेल हो माझ्या मालाला," स्टॉलवाला म्हणायचा.

"लागू दे. गिऱ्हाईक लागत नाही, निदान नजर तरी लागू दे."

सव्वीस वर्षं ती एकाच छापखान्यात पानांची मांडणी करत होती. तिची भाची तीन वर्षांची असताना एकदा छापखान्यात आली होती आणि मशीनच्या धडधडाटावर आवाज चढवून तिने "आत्याऽऽ" अशी आरोळी ठोकली होती. त्या दिवसापासून अख्खा छापखाना तिला आत्या म्हणू लागला. मालक तिच्याहून बारा वर्षांनी मोठे. पण तेही "आत्या, जरा इकडे या" असंच म्हणत.

सव्वीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या कागदांकडे कोणी कधी प्रेमाने बघितलं नव्हतं. परीक्षेचे अर्ज, औषधांच्या डब्यातली घडी घातलेली पत्रकं, बसची वेळापत्रकं, मिक्सर कसा जोडावा याच्या पुस्तिका. लोक ते कपाळाला आठ्या घालून वाचतात आणि काम झालं की फेकून देतात. आत्या मात्र त्यातली प्रत्येक ओळ सरळ लावायची, प्रत्येक रकान्याला श्वास घेण्यापुरती जागा सोडायची. तक्रार नव्हती. फक्त सकाळची ती दहा पावलं होती.

आणि अशात छापखान्याकडे 'वाजव की!' आलं.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी संगीताचं मासिक. नाव मुलांनीच ठेवलेलं. मजकूर गोळा करणारे एका संगीत वर्गाचे सर होते, छपाई आणि प्रकाशन मालकांचं. आतली पानं आत्याने लावायची, पण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका बाहेरच्या स्टुडिओकडे द्यायची, असं ठरलं होतं. हे कळलं तेव्हा आत्या हातातली पट्टी टेबलावर ठेवून सरळ मालकांच्या खोलीत गेली.

"ती दोन पानं मला द्या."

मालकांनी चष्मा वर केला. सव्वीस वर्षांत या बाईने कधी पंख्याची जागासुद्धा बदलून मागितली नव्हती. "आत्या, हे औषधाचं पत्रक नाही."

"माहीत आहे. म्हणूनच मागतेय."

मालकांनी समोरचं कॅलेंडर जवळ ओढलं. मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्या टेबलावर. स्टुडिओचंही तेव्हाच येईल. दोन्ही शेजारी ठेवून बघेन. तुमचं उजवं ठरलं तर वर्षभराचे बाराही अंक तुमचे. नाही ठरलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"नाही काढणार," आत्या म्हणाली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पुढचे दहा दिवस तिच्या अंगात जणू वारं शिरलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत कागदांचे थर चढले. अक्षरं कापली जात, चिकटवली जात, उपटली जात. भाऊ ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकला. वहिनी म्हणाली, "वन्सं, आज जेवायचं आहे की नुसतं प्रदर्शन बघायचंय?" भाची आता तेरा वर्षांची झाली होती. ती त्याच सरांच्या वर्गात ड्रम शिकत होती आणि चमच्यापासून न्हाणीच्या दारापर्यंत सगळं बडवत असल्यामुळे घरात तिचं नाव टकटक पडलं होतं. तिला आत्याने टेबलाजवळ फिरकायला बंदी केली होती. "तयार झालं की बघ. कच्चं बघितलंस तर सवय होईल, मग खरं बोलणार नाहीस."

सरांनी एक फोटो दिला होता. वर्गातली व्हायोलिन वाजवणारी मुलगी, हनुवटी वाद्यावर टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले, केसांची एक बट तारांवर येता येता थांबलेली. आत्याला फोटो बघताक्षणी आवडला. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. मुलगी पानाच्या उजव्या काठाकडे, म्हणजे पानाबाहेर बघत होती. आत्याला हे काम शिकवणाऱ्या जुन्या फोरमनचा एक नियम होता: चित्रातला माणूस पानाच्या आत बघणारा हवा, बाहेर बघणारा माणूस वाचकालाही बाहेर घेऊन जातो. आत्याने नेहमीचा उपाय केला. फोटो उलटा केला, आरशातल्यासारखा. एका क्षणाचं काम. मिक्सरच्या पुस्तिकेवरची फळं, पत्रकावरची फुलं तिने अशी शेकड्याने फिरवली होती. मुलगी आता डावीकडे उभ्या लावलेल्या 'वाजव की!' या अक्षरांकडे बघू लागली. पान कसं घट्ट बसलं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आत्या रंगीत नमुना काखेत घेऊन सरांच्या वर्गावर गेली. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात ड्रम, खिडकीत स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड. सर अजून आले नव्हते. दहा-बारा मुलं होती. तिने नमुना खुर्चीवर उभा केला आणि स्वतः मागे सरकली.

फोटोतली मुलगी सगळ्यांत पुढे होती. "अय्या! किती छान आलाय! माझा स्वतःचा आवडलेला हा पहिलाच फोटो."

आत्याचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे जेमतेम दोन सेकंद टिकला.

"अगं ए," टकटक म्हणाली, "तू डाव्या हाताने कधीपासून वाजवायला लागलीस?"

मग सगळी खोली हसली. एक जण खुर्चीवरून घसरलाच. "वाद्यवृंदात अशी बसली तर शेजारच्याच्या डोळ्यात गज जाईल!" "शेजारी नकोच, हिला एकटीला गच्चीवर बसवा!" फोटोतली मुलगी जवळ जाऊन बघू लागली आणि लाल झाली. "खरंच की. मी आरशात अशीच दिसते ना, म्हणून आवडला मला."

आत्याला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. फुलाला उजवा-डावा हात नसतो. फळालाही नसतो. पण व्हायोलिन डाव्या खांद्यावर असतं आणि गज उजव्या हातात, आणि हे मासिक ज्यांच्यासाठी आहे त्यांना हे एका नजरेत दिसतं. सव्वीस वर्षांच्या सवयीने तिने त्यांच्यासाठीच्या पानावर अशी चूक केली होती, की दुकानात ते हातात घेऊन मुलं हसली असती.

"बरं," ती म्हणाली, "हसून झालं असेल तर अनुक्रमणिकाही बघा. एकदमच काय ते होऊन जाऊ दे."

त्यांनी पान उलटलं. यावेळी हसू आलं नाही, ते जास्त वाईट होतं. रकाने सरळ होते, आकडे एकाखाली एक होते.

"परीक्षेच्या वेळापत्रकासारखं वाटतंय," एक मुलगा अगदी आदराने म्हणाला.

"वाटणारच. तुझ्या परीक्षेचं वेळापत्रकही मीच लावते," आत्या म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. तिच्यामागून सगळे हसले, पण आता तिच्याबरोबर.

फोटोतल्या मुलीला वाईट वाटलं असावं. तिने पेटीतून व्हायोलिन काढलं. "आत्या, हे बघा, खरं असं धरतात." आणि धरलं म्हणून वाजवलंही, चार-सहा सूर.

आत्या बघत राहिली. मुलगी बाहेर बघत होती, हे खरं. पण तिच्या हनुवटीपासून निघालेल्या चार तारा वाद्याच्या टोकाकडे धावत होत्या, आणि ते टोक नेमकं तिकडे रोखलेलं होतं, जिथे पान उलटायला वाचकाचा अंगठा टेकतो.

"बाहेर म्हणजे तरी कुठे?" आत्या स्वतःशीच म्हणाली. "बाहेर म्हणजे पुढचं पान!" ती मोठ्याने ओरडली. "पेन्सिल द्या कोणीतरी. लवकर!"

तीन पेन्सिली पुढे आल्या. तिने नमुना पालथा घातला, खाली बसली आणि त्याच्या पाठीवर ओढत सुटली. मुलगी डावीकडे, शिवणीजवळ. तारा वाद्याच्या टोकावरून थेट काठाबाहेर. पान उलटलं की त्याच चार तारा अनुक्रमणिकेच्या डाव्या काठातून आत आलेल्या.

"पण तारा तिथेच संपतात, आत्या," मुलगी म्हणाली.

"तुझ्या व्हायोलिनवर. माझ्या पानावर नाही. आता सांगा, तुम्ही अनुक्रमणिका वाचता का?"

"नाही," सगळे एकसुरात म्हणाले. वर्गातला तो दिवसाचा पहिला एकसूर असावा.

"मग काय वाचायचं ते ठरवता कसं?"

"वेळ किती आहे त्याच्यावर," टकटक म्हणाली. "म्हणजे आई हाक मारेपर्यंत काय होईल, असं."

"पहिली हाक की दुसरी?"

"तिसरी!"

पुढची वीस मिनिटं खोलीत नुसता कल्ला होता. सर आले, दारात थबकले, आणि आपल्या संपादकीय लेखाला 'उद्या परीक्षा असेल तर वाचू नका' या तारेवर बसवलेलं बघून म्हणाले, "हा मान आहे की अपमान?"

"लांबलचक लेखांची तार आहे ती, सर. सगळ्यांत जाड," मुलीने समजावलं.

सगळ्यांत बारीक तार होती 'एक गाणं संपेपर्यंत'. तिच्यावर कोडी आणि विनोद. दुसरी, 'बस येईपर्यंत'. तिसरी, 'आईची तिसरी हाक येईपर्यंत'. आणि चौथी ती सरांची. तारेवर जिथे बोटं पडतात तिथे गोल ठिपके, ठिपक्यात पानाचा आकडा.

शुक्रवारी सकाळी सातलाच आत्या छापखान्यात हजर होती. साडेनऊपर्यंत सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभं राहिलं. मशीनवाला चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभा राहिला आणि त्याने मान हलवली.

"झकास आहे. पण जुळणार नाही."

"काय जुळणार नाही?"

"तारा. कव्हर तावाच्या एका बाजूला, अनुक्रमणिका त्याच्याच पाठीला. ताव पालटून छापताना, कापताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. कव्हरवरची तार इथे आणि आतली तार तिथे. कुठल्या अंकात वर, कुठल्या अंकात खाली. तुटलेली दिसेल, आत्या."

तो खोटं बोलत नव्हता. अडीच तास उरले होते. आत्याने तारा जाड करून बघितल्या, दोरखंड वाटले. बारीक केल्या, चूक जास्तच दिसली. काठापाशी तारा पुसट करून बघितल्या. मग त्या आत येतच नव्हत्या. साडेदहा झाले. तिने डोळे मिटले आणि काल पाहिलेली ती चार-सहा सुरांची गंमत आठवायचा प्रयत्न केला. गज तारेवरून गेला तेव्हा तार कशी दिसली होती?

दिसलीच नव्हती. नुसती थरथर दिसली होती.

"अरे," ती खुर्चीवरून उठलीच, "वाजणारी तार कधी एका जागी असते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काठापाशी ती थरथरणारच! एका रेषेच्या जागी सहा फिक्या रेषा, एकमेकींत मिसळलेल्या. तुझे दोन मिलिमीटर त्यात खपून जातील. शोधून दाखव मग!"

मशीनवाल्याने चहाचा पेला खाली ठेवला. "आत्या, तुम्ही वेळापत्रकं लावत होता ते बरं होतं. आमचं चुकलं तरी आम्हाला म्हणता येत होतं की जमणारच नव्हतं."

बाराला पाच कमी असताना दोन नमुने मालकांच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. स्टुडिओचं मुखपृष्ठ चकचकीत होतं. त्यावर गिटार होती, ज्वाळा होत्या, चष्मा घातलेलं माकडही होतं. मालकांनी ते उचललं, बघितलं, आत उघडलं, बंद केलं. मग आत्याचं उचललं.

"मुलगी बाहेर बघतेय."

"हो."

"फोरमनचा नियम विसरलात?"

"नाही. बाहेरच न्यायचंय."

मालकांचा अंगठा वाद्याच्या टोकावर आला होता. तो तिथेच यायला हवा होता. त्यांनी पान उलटलं. तारा थरथरत आत आल्या. ते चार तारा वाचत गेले, तिसऱ्या तारेला हसले, चौथ्या तारेला मोठ्याने हसले. मग मागे जाऊन पुन्हा मुखपृष्ठ बघितलं, पुन्हा उलटलं. चौथ्यांदा उलटलं तेव्हा आत्याने मोजणं सोडून दिलं.

"अंकाच्या शेवटी मांडणी म्हणून कोणाचं नाव टाकू?" त्यांनी पानावरून नजर न काढता विचारलं. "नुसतं 'आत्या' टाकलं तर लोक म्हणतील, कोणाची?"

"म्हणू देत. पत्रं तरी येतील."

मालकांनी फोन उचलला आणि स्टुडिओला सांगितलं की यंदा नको, वर्षभर नको. फोन ठेवून ते म्हणाले, "दुसऱ्या अंकाचं काय डोक्यात आहे?"

"ड्रम," आत्या म्हणाली.

तीन वाजता कव्हर मशीनवर चढलं. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण पहिला ताव बाहेर आला तेव्हा बांधणीवाल्या, हिशेबनीस, मालक, शाळेतून थेट आलेली टकटक, सगळे आत्याच्या उतरत्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे होते. ताव टेबलावर पसरला गेला. मुलीच्या गालावरचा रंग, गज धरलेला उजवा हात, काठाकडे निघालेल्या चार तारा. टकटकच्या बोटांनी टेबलाच्या कडेवर हळूच ठेका धरला. मालकांनी मान पुढे काढली, मशीनवाल्याने त्यांच्या खांद्यावरून.

आत्याने भिंग डोळ्याला लावलं आणि ती वाकली.

"जरा सरका हो सगळे, उजेड अडतोय."