पिवळ्या बेस मॉडेलची दुसरी सीट

शववाहिका चालवणारा माणूस निवृत्त झाला की काय करतो? पेपर वाचतो, कुंड्यांना पाणी घालतो, घरभर बायकोच्या पायात पायात येऊन बोलणी खातो. सावकाशरावांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी स्पोर्ट्स कार घेतली. लिंबासारखी पिवळी, दोन दारांची, दोन सीटांची आणि इतकी ठेंगणी की स्पीडब्रेकरवर पोट घासेल. गाडी गल्लीत शिरली तेव्हा खालच्या सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. गिऱ्हाईक नशीबवान, दुसरं काय!

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीभर त्यांनी शववाहिका अशी चालवली की मागे ठेवलेल्या फुलांची पाकळी हलायची नाही. कुणीतरी थट्टेने नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायको ‘अहो’वर भागवायची, त्यामुळे खऱ्या नावाची घरातही कधी गरज पडली नाही.

बरं, गाडी घ्यायची तर घेतली कुठली? सगळ्यात खालची, बेस मॉडेल! शोरूममधला विक्रेता बिचारा कळवळून सांगत होता, “काका, बेस मॉडेल कुणी घेत नाही हो. ते जाहिरातीत किंमत कमी दिसावी म्हणून असतं.”

“मग मी घेतो. कुणीतरी घ्यायला पाहिजे ना?”

“यात स्क्रीन नाही. चाकं लोखंडी, सीट कापडी. मागचं दाखवणारा कॅमेरा नाही. गाणी ऐकायचीही सोय नाही.”

“आणि इंजिन?”

“इंजिन सगळ्यांना तेच.”

“मग झालं तर!” सावकाशराव म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जी गाडी चालवली, तिचा सगळा थाट मागे. पॉलिश केलेलं लाकूड, जाळीचे पडदे, घासूनपुसून चकचकीत ठेवलेल्या पितळी दांड्या. ज्याला आता काहीच बघायचं नाही त्याच्यासाठी एवढी सजावट, आणि इंजिन म्हणाल तर चढ आला की दमेकरी म्हाताऱ्यासारखं धापा टाकायचं. सजावटीचा त्यांना वीट आला होता. इंजिनाला मोकळं सोडलं तर ते काय करतं, एवढंच त्यांना एकदा बघायचं होतं.

मुळात माणूस चौकस. नोकरीत तोंड उघडायची सोय नव्हती, त्यामुळे आत प्रश्नांचा साठा झालेला. गाडी घरी आल्यावर सगळ्यात आधी त्यांना छळलं ते डॅशबोर्डवरच्या आंधळ्या बटणांनी. वरच्या मॉडेलात जिथे बटणं असतात, तिथे बेस मॉडेलला नुसती काळी झाकणं बसवलेली. दाबली तर दबत नाहीत, काढली तर निघत नाहीत. सावकाशराव दोनदा शोरूमला जाऊन आले.

“इथे काय असतं?”

“सीट गरम करायचं बटण, काका.”

“सीट गरम कशाला करायची? माणूस बसला की होतेच.”

विक्रेत्याने कपाळावर हात मारला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

पण या सगळ्या उत्साहात एक गोष्ट सलत होती, आणि ती झाकणांपेक्षा फार मोठी होती. गाडीला सीट दोन. एक त्यांची. दुसरीवर बायको बसेना.

आता ही गाडी घेतली होती ती कुणासाठी? संसार सगळा बसने आणि पायी झाला. मरण काही रविवार बघून येत नाही, त्यामुळे सावकाशरावांना सुट्टी अशी कधी धड मिळालीच नाही. कुणाकडे जायचं ठरलं की ऐनवेळी फोन यायचा आणि बायको एकटी जायची. निवृत्त झालो की तुला शेजारी बसवून मनसोक्त हिंडवीन, असं ते कितीतरी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले होते. मोठ्याने म्हणायचं राहून गेलं, ते सोडा.

पहिल्या दिवशी त्यांनी ऐटीत दार उघडून धरलं. बायको खाली आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, पिवळ्या पत्र्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, “छान आहे हो.” मग जिन्याकडे वळली.

“अगं, बसत नाहीस?”

“एका ब्लाउजची बाही उसवून ठेवलीये. गिऱ्हाईक येईल आत्ता.”

ती बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन ठेवून कपडे लहानमोठे करून द्यायची. दुसऱ्या दिवशी बाहीच्या जागी पँटची कंबर आली. मग मान आखडली. मग ऊन फार होतं. सावकाशराव ओळखून चुकले की पाणी कुठेतरी मुरतंय.

कुठे मुरतंय ते शोधायला ते हात धुऊन मागे लागले. आधी वाटलं, सीट खोल आहे, हिचे गुडघे दुखत असतील. म्हणून जाड उशी आणून सीटवर टाकली. बायकोने उशी बघितली, म्हणाली, “अभ्रा मळेल,” आणि वर घेऊन गेली. मग वाटलं, नव्या प्लास्टिकचा वास सहन होत नसेल. म्हणून काचा उघड्या ठेवून गाडी दिवसभर सावलीत उभी केली. आत मांजर येऊन झोपलं, बायको आली नाही. मग वाटलं, गाणी नाहीत म्हणून. घरातला लहान रेडिओ सुतळीने डॅशबोर्डला बांधला. तो पहिल्याच वळणावर सावकाशरावांच्या पायात पडला.

सलूनवाल्याचं निदान ठरलेलं होतं. “सावकाशराव, नाकापेक्षा मोती जड नको हे खरं, पण इतका हलका मोती? बेस मॉडेल! वहिनी चारचौघांत कशा बसतील त्यात?”

हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. परत शोरूम. चाकं बदलता येतील का, सीटला चामडं लावता येईल का, असं विचारू लागले. विक्रेता म्हणाला, “काका, एवढं सगळं लावायचं होतं तर वरचंच मॉडेल घ्यायचं ना!” तरी त्यांनी चाकांना चंदेरी टोप्या बसवून आणल्याच. बायकोने गॅलरीतून बघितलं, “चमकतायत,” म्हणाली आणि वाळत घातलेले टॉवेल काढून आत गेली.

एकट्याने हिंडायचं तरी किती? आणि हिंडणं तरी कसलं! जित्याची खोड ती. स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग हातात आलं तरी पाय जुन्याच सवयीने चालायचा. शाळेतली पोरं सायकलवरून पुढे जाऊन मागे वळून हसायची. एका चौकात तर एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवर थबकले, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. गाडी पिवळी आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सावकाशराव त्यांच्यासमोरून अजून जातच होते.

एकदा मात्र गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, पुढेमागे कुणी नाही असं बघून, त्यांनी पाय दाबला. गाडीने असा काही हुंकार दिला की पाठ सीटला चिकटली. झाडं सपासप मागे पडायला लागली. “अरे बाप रे!” ते मोठ्याने ओरडले आणि खदाखदा हसले. इतक्या वर्षांत स्टिअरिंगमागे बसून ते कधी हसले नव्हते. हसत हसत त्यांनी शेजारी बघितलं, सांगायला. सीट रिकामी. हसू आपोआप ओसरलं. त्यांनी गाडी वळवली आणि नेहमीच्या चालीने घरी आले.

त्यानंतरच्या एका सकाळी ते दाढीला बसले होते. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस. सलूनवाला वस्तरा पुसता पुसता सहज म्हणाला, “पण वहिनींचं म्हणणं काय आहे?”

“कशाबद्दल?”

“का बसत नाहीत याबद्दल. विचारलंत ना तुम्ही त्यांना?”

सावकाशराव आरशात बघत राहिले.

“कमाल आहे बुवा तुमची!” सलूनवाला म्हणाला. “शोरूमला विचारलंत, मला विचारलंत, त्या मांजराला विचारायचं बाकी ठेवलंत. आणि जिला विचारायचं तिलाच विचारलं नाहीत?”

सावकाशराव उठले. गळ्यातला टॉवेल तसाच, गालावरचा फेस तसाच, आणि तडक जिना चढले. या माणसाला जिना तडक चढताना गल्लीने पहिल्यांदाच बघितलं.

बायको मशीनवर होती. त्यांचा अवतार बघून तिला हसू फुटणार होतं, पण त्यांनी तेवढा वेळच दिला नाही.

“तू माझ्या शेजारी का बसत नाहीस?”

तिने मशीन थांबवलं. सुईखालचं कापड सोडवलं, घडी घातली, बाजूला ठेवलं.

“बसले होते की एकदा,” ती म्हणाली.

“कधी? गाडी येऊन तर...”

“हिच्यात नाही. तुमच्या त्या गाडीत. आईला नेलं तेव्हा.”

सावकाशराव दारातच उभे राहिले.

त्या धंद्यात एक रीत असते. शववाहिकेत ड्रायव्हरच्या शेजारची सीट सगळ्यात जवळच्या माणसासाठी. आणि ड्रायव्हरने त्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. तो रडला तर त्याला वाटलं पाहिजे की इथे आपल्याला बघणारं कुणी नाही. सावकाशरावांना हे त्यांच्या वस्तादाने शिकवलं होतं आणि त्यांनी ते प्राणापलीकडे पाळलं होतं. किती परक्या माणसांनी पुढे येऊन त्यांचे हात धरले असतील या एका गोष्टीसाठी!

“हॉस्पिटलपासून तिथपर्यंत,” बायको म्हणाली, “तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं नाहीत. चकार शब्द नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही तो उचललात, माझ्या मांडीवर नेऊन ठेवलात आणि गिअर टाकलात.”

“अगं, ती रीत...”

“रीत माहीत आहे मला. चांगली आहे. लोकांसाठी चांगली आहे. मी लोक होते का?” तिचा आवाज चढला नव्हता. “गाडी कुणीही चालवली असती हो. मला त्या दिवशी नवरा पाहिजे होता.”

गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, त्या दिवसाचा सावकाशरावांना अभिमान होता! सासूबाईंना असं नेलं की हूं नाही की चूं नाही, एक धक्का लागू दिला नाही, असं ते चार ठिकाणी सांगत आले होते. आणि सासू तरी कशी? यांचा धंदा ऐकून मुलीकडच्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती, तेव्हा ती एकटी म्हणाली होती, “हा माणूस शेवटी सगळ्यांनाच लागतो. आधीपासून घरातला असलेला काय वाईट?” त्या बाईला नेताना आपण आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी चालवली, असं त्यांना वाटत होतं. तेव्हापासून बायको मनात हे घेऊन याच घरात, याच मशीनवर बसली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

“खाली चल,” ते म्हणाले.

“आत्ता? तोंड बघा तुमचं!”

“कुठे जायचं नाहीये. नुसती बस.”

तिने चष्मा काढून मशीनवर ठेवला आणि पायात चप्पल सरकवली.

गाडीत ती बसली तेव्हा सीट खरंच फार खोल निघाली. दोन्ही दारं बंद झाली. आत रेडिओ नाही, स्क्रीन नाही, बघायला काही नाही आणि ऐकायला काही नाही. सावकाशरावांनी किल्ली लावलीच नाही. त्या अडचणीच्या जागेत गुडघे वाकवून, कंबर वळवून ते पुरते तिच्याकडे तोंड करून बसले. गालावरचा फेस आता वाळून तडकला होता.

“आई गेल्या गं,” ते म्हणाले.

बायकोने ओठ घट्ट मिटले.

“मलाही आईच होत्या त्या. तुझ्यापेक्षा कमी नाही रडू आलं मला. तुझ्याकडे बघितलं असतं ना, तर मला पुढे चालवताच आली नसती. गाडी बाजूला घेऊन रडत बसलो असतो.”

“मग घ्यायची होती बाजूला,” ती म्हणाली. “बसलो असतो दोघं. आईला कसली घाई होती?”

सावकाशरावांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले, तोंड न लपवता, लहान मुलासारखे नाक ओढत. मग तीही रडली. त्यांनी तिचा हात धरला की तिने त्यांचा, ते बाहेरून कळत नव्हतं.

एवढ्यात सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. अर्धं गिऱ्हाईक पळालेलं, त्याला चैन कशी पडणार? त्याने बघितलं, दोघं गाडीत बसलेली आणि गाडी जागची हलत नाहीये. त्याने पुढे होऊन काचेवर टकटक केलं.

“काय हो, स्टार्ट होईना का? मी म्हटलंच होतं, बेस मॉडेल! चार पोरं बोलावू का धक्का मारायला?”

बायकोने काच खाली केली. पदराने डोळे पुसले.

“नको भाऊ,” ती म्हणाली. “आम्ही बोलतोय.”