मुशीतलं केशर

आमच्या घराण्यातली माणसं केशर भट्टीत घालून बघतात, अशी माझ्या सासुरवाडीला, इस्लामपुरात, आमची ख्याती आहे. ती माझ्या सासूबाईंनी पसरवली आणि खरी असल्यामुळे मला तिच्याविरुद्ध आजवर काहीही करता आलेलं नाही.

आम्ही विट्याकडचे. आमच्या गावात पोराला मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या दुकानात धाडतात. सराफांकडचं जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं-चांदी बाजूला काढायचं आणि चोख सोनं परत करायचं, हा धंदा. मी मदुराईला होतो, माझे चुलते तात्या कानपूरला, आणि माझे वडील, म्हणजे आबा, डोळे अधू झाल्यामुळे गावी येऊन बसले होते. (बसले होते म्हणजे, परसातल्या छपरात जुनी भट्टी मांडून बसले होते. सवय सुटत नाही!) अशा घरात जी वस्तू तोळ्यामाशावर मिळते, तिच्याकडे माणूस एकाच नजरेनं बघतो.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझी बायको शालन हिला दिवस गेले होते. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात आमचं एक मूल गेलं होतं, आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. माझी आई हयात नव्हती म्हणून सासूबाई येऊन राहिल्या होत्या. या खेपेला शालनच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. "काहीतरी पोटात राहिलं पाहिजे, नाहीतर कठीण आहे," असं विट्याचे डॉक्टर म्हणाले, तसा मी दुकान भागीदाराच्या गळ्यात मारून गावी आलो. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुराला मी कधी भ्यायलो नव्हतो. पण मोरीतून तिच्या ओकारीचा आवाज आला की मी उठून परसात जाई.

"तुला काय खावंसं वाटतंय, ते तरी सांग," मी एकदा म्हटलं.

"हसू नगासा."

"न्हाई हसत."

"केशराचं दूध." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ल्हानपणी एका लग्नात नुसता वास आल्ता. आमच्या पंगतीपतूर आलंच न्हाई."

कोणी हसलं नाही. आमच्या घरात जिलबीचा रंग वगळता केशराशी कुणाचा कधी संबंध आला नव्हता.

"डोहाळा हाय," सासूबाई म्हणाल्या. "पुरा न्हाई झाला, तर लेकराचं कान फुटत्यात."

लेकराचं काहीही वाईट ऐकून घ्यायची ताकद त्या वर्षी आमच्या घरात उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तासगावमार्गे सांगलीच्या एसटीत बसलो.

सांगलीत उतरून मी जो पहिला बाजार दिसला त्यात शिरलो. तो हळदीचा निघाला. एका अडत्याला मी विचारलं, "केशर हाय का?"

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "पाव्हणं, पिवळं पायजे न्हवं? पोत्यानं न्या की! किती पोती बांधू?"

"न्हाई वो. केशर. मासाभर."

"मासाभर!" तो ओरडला, आणि सगळी पेठ माझ्याकडे बघून खोकली. (हळदीच्या धुळीमुळेही खोकली असेल. पण मला ते हसूच वाटलं.)

शेवटी एका अत्तरवाल्यांचं दुकान सापडलं. डोक्यावर कशिद्याची टोपी, डोळ्यांत सुरमा आणि आवाजात असा तोरा की केशर विकत नसून आपली मुलगीच मला देत आहेत. त्यांनी पितळी डबी उघडली आणि भाव सांगितला. मी कठडा धरला.

"एवढं महाग कशापायी?"

"एका फुलात तीन काड्या," ते म्हणाले. "तीनच. बाकी फूल फेकायचं. तेबी ऊन लागायच्या आत, हातानं खुडायचं. मग वाळवायचं. वाळलं की वजन उडालं."

आता हा हिशेब माझ्या ओळखीचा होता. "घट किती धरता?" मी धंद्याच्या आवाजात विचारलं. वितळवताना सोन्याचं जे वजन कमी होतं, त्याला आम्ही घट म्हणतो.

"घटच घट हाय, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "सगळी घट जाऊन जे उरतं, ते केशर."

मला ते वाक्य फार आवडलं. त्यांनी छोट्या काट्यावर मासाभर, म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, केशर तोलून पुडी बांधली आणि ती आतल्या खिशात घालून, वरून तळहात दाबून मी परतीच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का.

घरी पोचलो तर शालन चुलीपाशी येऊन बसली होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून उठली होती. सासूबाईंनी दूध ठेवलं. मी पुडी काढली, आणि नेमके तेव्हाच ओसरीवरून तात्या आत आले. ते एका लग्नासाठी गावी आले होते.

"काय आणलंस रं?"

"केशर."

"कसं मिळालं?"

"तोळ्यामाशावर. सोन्यागत."

"कस बघितलास?"

ओसरीवर आबांनी हातातला तंबाखू मळायचा थांबवला.

"गड्या," तात्या दुःखानं म्हणाले, "गलाईवाल्याचा तू पोरगा. तोळ्यावरचा माल कस न बघता घरात घेतलास? आरं, पोटुशी बाई ती! तिच्या पोटात भेसळ घालतोस व्हय?"

ते शेवटचं वाक्य बरोबर वर्मी बसलं. आबा म्हणाले, "कसोटी आण."

मी आणली. आबांनी चिमूटभर केशर ओलं करून काळ्या दगडावर ओढलं. पिवळीधमक रेघ उमटली. "कस बरा वाटतूय," ते म्हणाले. अधू डोळ्यांनीही त्यांना पिवळं दिसतं.

"जावईबापू, दूध तापलं!" आतून सासूबाई.

"आलोच, मामी!"

"आता तेजाब," तात्या म्हणाले.

मी बाटली उघडून रेघेवर थेंब सोडला. आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत ती रेघ हिरवी झाली! हिरवी!! सोन्यावर तेजाब टाकल्यावर हिरवं आलं, की त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

"तांबं!" तात्या म्हणाले.

"तांबं हाय," आबा खचून म्हणाले.

"जावईबापू, दुधावर साय धरली!"

"आलोच, मामी! जरा तांबं निघालंय!"

आम्ही तिघे डोकं धरून बसलो. माल परत करावा तर सांगली लांब, आणि आत ती बिचारी चुलीपाशी बसलेली. अशा वेळी उपाय सुचला तो मला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सासूबाईंच्या सांगण्यात तात्यांचं नाव येतं, आणि तात्या बिचारे आता हयात नाहीत.

"भेसळ हाय तर हाय," मी म्हटलं. "आपून काढू. मुशीत घालू, तांबं बाजूला करू. थोडी घट जाईल, पण खाली बसंल ते चोख केशर!"

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मदुराईला धाडल्याचं सार्थक झालं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं असावं.

मग पुढचं सगळं अतिशय गंभीरपणे झालं. आबांनी भट्टी पेटवली. तात्यांनी सोनं वितळवायची मूस पुसून दिली. मी उरलेलं सगळं केशर तीत घातलं, वर सोन्याचा मळ काढणारा टाकणखार टाकला आणि भाता ओढायला लागलो.

आणि काय सांगू, वास सुटला! छपरातून परसात, परसातून गल्लीत. शेजारीपाजारी दारात आले. "कुणाचं लगीन ठरलं वो?" म्हणून कुणी विचारलंही. आतून शालनचा आवाज आला, किती महिन्यांत न ऐकलेला, हलका: "आई, झालं वाटतं दूध!"

तो वास चार श्वास टिकला. पाचव्याला केस जळाल्यासारखा वास आला.

आबांनी मूस चिमट्यात धरून कलती केली. "बसलं का रं तळाला?"

"आबा, काय न्हाई."

"कायच न्हाई?"

तात्यांनी आत डोकावून बघितलं आणि टोपी काढली. "सगळीच घट गेली," ते म्हणाले.

इतक्यात सासूबाई वाटी घेऊन छपरात आल्या. त्यांनी भट्टी बघितली, मूस बघितली आणि मोकळा कागद बघितला.

"केशर कुटं हाय?"

तात्यांनी वर धुराकडे बोट केलं.

"जाळलंसा?"

"जाळलं न्हाई, मामी," मी म्हटलं. "शुद्ध केलं."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्यामागे दारात शालन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "मला एवढंच पायजे हुतं," ती म्हणाली, "बाकी कवा काय मागितलं का मी?" नव्हतंच मागितलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आम्ही तिघेही शुद्ध सोनं ओळखणारे गडी, आणि एकालाही तिच्या जवळ जायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी सांगलीला सासूबाई माझ्याबरोबर आल्या. बरोबर म्हणजे, मी त्यांच्या मागून. अत्तरवाल्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. ते हसले नाहीत. त्यांनी आधी डबीचं झाकण लावलं.

"ह्यांना मी केशर देणार न्हाई," ते म्हणाले.

"आवं, त्यास्नी देऊच नगा," सासूबाई म्हणाल्या. "मला द्या. त्यास्नी भाईर हुबं करा."

मी दुकानाच्या पायरीखाली उभा राहिलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं. बोट ओलं करायचं, काडी चोळायची, पिवळा रंग हळूहळू सुटतो आणि काडी मात्र लालच राहते. "एवढंच बघायचं," ते म्हणाले, "तेजाबानं अस्सल केशरबी हिरवं पडतंय. इस्तू-भट्टी लागत न्हाई." पुडी सासूबाईंनी कमरेला खोचली. पैसे द्यायला मात्र मला पायरी चढू दिली.

त्या संध्याकाळी शालननं केशराचं दूध घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आबा, तात्या आणि मी, एका ओळीत, ओकारीच्या आवाजाची वाट बघत उभे. आवाज येईना. तात्यांनी घसा खाकरला, तर आबांनी त्यांना दटावलं.

"मामी, ऱ्हायलं का?" मी शेवटी कुजबुजलो.

"ऱ्हायलं," आतून आलं. आणि थोड्या वेळानं, "भाकरी मागतीया."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मला भान नव्हतं.

पुढे दिवस भरल्यावर इस्लामपूरला, तिच्या माहेरी, मुलगी झाली. मी तिथं पोचलो तेव्हा सासूबाईंनी दुपट्यातलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. चांगली जिती-जागती, मुठी आवळलेली, लालभडक. सगळं धडधाकट. खोलीतल्या बायका कौतुकानं म्हणत होत्या, "पोरगी कशी केशरावानी हाय बघा!" माझा ऊर इतका भरून आला, की डोळ्यांसमोर काही दिसेना. एवढं चांगलं आपल्या वाट्याला आलं, यावर विश्वास बसेना. आणि खरं सांगतो, माझा मलाच पत्ता लागला नाही, पण मी जिभेनं बोट ओलं केलं आणि हळूच तिच्या गालावर चोळून बघितलं.

रंग सुटला नाही. पण सासूबाई बघत होत्या. तिथून पुढे बारशापर्यंत मला माझी लेक लांबूनच दाखवण्यात आली.