मसोलीच्या ऑफिसात मॉडेल आलं

आमच्या ऑफिसात फाइली हरवतात, पेनड्राइव्ह हरवतात, प्लॉटरची शाई तर कायमच संपलेली असते. किस्से मात्र कधी हरवत नाहीत. त्यांचा बॅकअप कुणी घेत नाही, तरी ते साठतच जातात. मी मुंबईला आर्किटेक्चर शिकून डहाणूला परत आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "तिथं करणार काय तू?" आता भेटलो की त्याच म्हणतात, "तुझ्या ऑफिसातलं सांग ना काहीतरी." तर सांगते. ज्यांना अशा ऑफिसात बसून बिल्डिंग मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर वापरायचंय, त्यांनी जरा लक्ष देऊन ऐका. मॅन्युअलमध्ये यातलं काहीच नाही.

ऑफिस डहाणूतच, मसोलीत, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. माणसं तीन. सर म्हणजे मालक. गावातल्या निम्म्या बंगल्यांच्या प्लॅनवर त्यांची सही आहे. जयेशभाई म्हणजे सरांचे जुने ड्राफ्ट्समन. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरतात आणि आपण शिरलोय हे त्यांना कळत नाही. तिसरी मी.

नवं सॉफ्टवेअर सरांनी हौसेनं घेतलेलं नाही. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेच्या मुलींचं वसतिगृह आमच्याकडे आलं आणि संस्थेनं अट घातली, की आम्हाला मॉडेल दाखवायचं. त्या मुली सध्या वर्गातच झोपतात. संध्याकाळी बाकं भिंतीला लावायची, सकाळी परत मांडायची. संडास मैदानाच्या पलीकडे. पावसाळ्यात एकटी मुलगी तिकडं जात नाही. ती दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला. मी साइट बघायला गेले तेव्हा तिथल्या अधीक्षिका भोये मॅडम एवढंच म्हणाल्या, "इमारत तुम्हाला हवी तशी करा. संडास आत करा."

मी तसंच केलं आणि तो कच्चा प्लॅन संस्थेला दाखवलाही. झोपायच्या हॉलला लागून संडास-बाथरूमचा ब्लॉक, मधे एक दार. बाहेरून इमारतीला कुठला रंग द्यायचा ते सरांनी खुशाल ठरवावं. मला ते एक दार हवं होतं.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आधी ड्रॉइंग पूर्ण करा. मग सवडीनं त्याचं थ्रीडी करा."

मी समजावून सांगितलं, की सर, हे उलटं आहे. आधी मॉडेल करायचं, म्हणजे कंप्युटरमध्ये इमारत बांधायची. मग प्लॅन, सेक्शन, दारं-खिडक्यांची यादी, सगळं त्याच्यातूनच निघतं. मॉडेल हा ड्रॉइंगला शेवटी लावायचा पावडर-कुंकवाचा प्रकार नाही.

सरांना ते पटलं नाही. मग मी करूनच दाखवलं. मॉडेलवर एक रेघ मारली, इमारत तिथून कापली गेली, सेक्शन समोर. जयेशभाईंचा यात अख्खा दिवस जायचा.

सर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "असं झालं तर जयेशभाईनं काय करायचं?"

जयेशभाई उठले. "हुं चा पीश," म्हणाले, आणि खरोखरच खाली चहाला गेले.

ते वर आल्यावर सरांनी त्यांना तोच सेक्शन जुन्या पद्धतीनं पुन्हा काढायला बसवलं. खात्रीसाठी.

*

आमच्याकडे माप बदलायची एक रीत आहे. भिंत हलवायची नाही, आकडा बदलायचा. खोली साडेनऊ फुटांची झाली आणि सरांना दहाची हवी असली, की साडेनऊवर क्लिक करायचं आणि दहा टाइप करायचं. झाली खोली दहाची. जुन्या सॉफ्टवेअरला हे चालायचं. नव्याला चालत नाही. त्यात आकडा भिंतीच्या मालकीचा असतो, आपल्या नाही.

जयेशभाईंनी मला हाक मारली. "बेन, आ तो मानतुं ज नथी."

"मानणार नाही, जयेशभाई. भिंत सरकवा, आकडा आपोआप बदलेल."

"भिंत सरकवली तर बाजूची खोली लहान होईल ना."

"होऊ दे ना. तेच तर आपल्याला आधी कळायला पाहिजे."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, चला, एक माणूस तरी सुधारला. मग शीट प्रिंट होऊन आली. साडेनऊच्या आकड्यावर त्यांनी एक पांढरा चौकोन बसवला होता आणि त्या चौकोनावर, अगदी त्याच अक्षरात, दहा लिहिलं होतं. जो माणूस एवढं कौशल्य खोटं बोलायला वापरतो, तो खरं बोलायचं ठरवील तर काय होईल!

ती शीट सरावलीच्या एका बंगल्याची होती आणि तो बंगला त्याच शीटवरून बांधला गेला. मालकांचा फोन आला. पलंग आत गेलाय, पण आता कपाटाचं दार उघडत नाही.

सर शांतपणे म्हणाले, "कपाट बदलून घ्या. हे कपाटवाले मापं नीट देत नाहीत."

तेव्हा लक्षात ठेवा, आयत्या मिळालेल्या शीटवर कुठं पांढरं ठिगळ दिसलं तर आधी ते उचलून खाली काय आहे ते बघायचं.

*

दुसरी रीत उत्तरेची.

समुद्राकाठी एका रिटायर्ड रेल्वे अधिकाऱ्यांचा बंगला चालू होता. मागच्या अंगाला समुद्र, पुढं रस्ता. त्यांचा वास्तूवर फार विश्वास. स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. आमच्या प्लॅनमध्ये ते बरोबर उलट्या कोपऱ्यात आलेलं होतं, समुद्राच्या बाजूला. मी म्हटलं, प्लॅन बदलू. सर म्हणाले, "कशाला?" आणि त्यांनी कागदावरचा उत्तरेचा बाण उलटा फिरवला. स्वयंपाकघर आग्नेयेला गेलं. भिंत नाही हलली, वीट नाही हलली, एक दिशा तेवढी हलली.

कागदावर हे खपतं. कागदाला ऊन लागत नाही.

मॉडेलला लागतं. त्यात गाव कुठलं आणि उत्तर कुठली ते एकदा भरलं, की सूर्य आपल्या आपण फिरतो. सरांनी तिथंही उत्तर फिरवून ठेवली होती. मी नको नको म्हणत असताना त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं, सकाळचं ऊन देवघरात कसं येतं ते दाखवायला. बटण दाबलं. बंगला उजळला, देवघर उजळलं, गच्चीची सावली रस्त्यावर पडली.

साहेबांनी चष्मा पुसला. "मी जन्मलो इथं, शाळेत गेलो इथं. आमच्या डहाणूला सूर्य समुद्रात बुडतो. तुमच्याकडे तो समुद्रातून वर कसा येतोय?"

मी सरांकडे बघितलं. आता कबूल करण्यावाचून काही गत नाही, असं मला वाटलं. कॉलेजात माणूस अशाच भाबड्या समजुती घेऊन बाहेर पडतो.

सर म्हणाले, "साहेब, सॉफ्टवेअर अमेरिकेचं आहे."

साहेबांना पटलं.

*

मॉडेलमध्ये माणसं, झाडं, फर्निचर तयार मिळतं. इंटरनेटवरून उतरवायचं आणि ठेवून द्यायचं. त्यातलं काय उतरवायचं नाही, हे शिकायला मात्र अक्कल लागते. जयेशभाईंनी एकदा एक सोफा आणला, त्याच्या गादीवरची शिवणसुद्धा वेगवेगळी काढलेली. फाइल उघडायला घातली की आम्ही जेवून यायचो. जेवढं कागदावर दिसणार आहे तेवढंच मॉडेलमध्ये घालावं, हे मी भिंतीवर लिहून चिकटवलं. त्याच्यावर सरांनी कॅलेंडर लावलं.

वसतिगृहाचं पहिलं चित्र संस्थेच्या अध्यक्षांना पाठवायचं होतं. सरांनी ते स्वतः सजवलं. मी बघितलं तर व्हरांड्यात दोन सोनेरी केसांच्या मुली, आखूड चड्ड्या घालून लॅपटॉप बघतायत. एकीच्या पायाशी पांढरा केसाळ कुत्रा. मागे बर्फ पडलेलं एक सूचिपर्णी झाड.

"सर, ही आश्रमशाळा आहे. तलासरीची."

"मग? त्यांची प्रगती व्हायला नको का?"

मी मुली काढल्या, कुत्रा काढला. झाड काढेपर्यंत सरांनी चित्र पाठवूनसुद्धा दिलं होतं. अध्यक्षांचा लगेच फोन आला. चित्र छान झालंय म्हणाले. फक्त आवारात कापूस कशाला लावताय, एवढंच विचारलं.

*

हा किस्सा सांगताना मला अजून राग येतो, म्हणून थोडक्यात सांगते.

बीम-कॉलमचं ड्रॉइंग वापीच्या इंजिनिअरकडून येतं. ते आपल्या मॉडेलमध्ये चढवायचं आणि कुठं काय कशाला धडकतंय ते तपासायचं. सॉफ्टवेअर शोधून देतं, धडकलेली जागा लाल होते. एवढी एकच गोष्ट केली तरी सॉफ्टवेअरचे पैसे वसूल. मी केली. वसतिगृहाच्या जिन्याच्या वळणावर एक बीम आडवा आला होता, नेमका कपाळाच्या उंचीवर. शाळा सुटल्यावर पळत जिना चढणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा.

सरांना दाखवलं. सर म्हणाले, "मुलीच आहेत ना? त्यांची उंची ती किती असणार."

"सर, मुली वाढतात."

"वाढेपर्यंत दहावी होते. मग जातातच."

मी त्याच दुपारी त्या लाल जागेचा फोटो परस्पर वापीला पाठवला. इंजिनिअर भला माणूस. त्यानं बीम वर घेतला. सरांना अजून माहीत नाही.

*

आता शेवटचं.

मॉडेलची फाइल एकच ठेवावी आणि सगळ्यांनी त्याच फाइलीत काम करावं, हा या सॉफ्टवेअरचा पहिला नियम. आमच्याकडे "फायनल", "फायनल नवीन", "खरी फायनल" आणि "सर फायनल" अशा फाइली होत्या. "सर फायनल" सरांच्या पेनड्राइव्हमध्ये घरी जायची आणि यायची.

अध्यक्षांपुढे मॉडेल दाखवायचं त्याच्या आदल्या दिवशी मी ती उघडली. संडासाचा ब्लॉक इमारतीत नव्हता. तो मागच्या अंगणापलीकडे, कुंपणाला टेकून उभा होता. इमारतीत फेरफार करायला सरांना तोवर दोनच कमांड येत होत्या, उचलणे आणि पुसणे. त्यांनी ब्लॉक उचलला होता आणि माझं दार पुसलं होतं. त्या जागी सलग भिंत.

"सर, हे कुणी सांगितलं?"

"संडास घरापासून लांबच बरा. वास येत नाही, गळत नाही. पूर्वी कुठं घरात असायचे?"

"भोये मॅडमनी एवढी एकच गोष्ट मागितली होती."

"हॉलच्या मागच्या भिंतीपासून किती लांब आहे? समोरच तर आहे. उद्या मी दाखवतो. तू मधे बोलू नकोस."

मी बोलले. भांडलेच. सर मला म्हणाले, "मॅडम, प्लॅनवर सही कुणाची आहे?" जयेशभाई खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तलासरीला शाळेच्याच एका वर्गात बैठक झाली. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर पांढरी चादर, तिच्यावर मॉडेल. खुर्चीत अध्यक्ष, शेजारी भोये मॅडम. मॉडेलच्या आत शिरून बाणाच्या बटणांनी चालता येतं, ते सरांनी घरी शिकून घेतलं होतं. मला लॅपटॉपला हातसुद्धा लावू दिला नाही.

"हा झोपायचा हॉल. समजा, मुलगी इथं झोपलीय. आता तिला जायचंय." सरांनी बटण दाबलं. मुलगी पलंगावरून उठली आणि सरळ निघाली. हॉलची मागची भिंत आली. मुलगी भिंतीतून आरपार गेली. अंगण आलं, गेलं. संडासाची भिंत आली. तिच्यातूनही आरपार. आत. "बघा. किती जवळ."

अध्यक्षांनी मान डोलावली. "बरंच जवळ आहे की."

भोये मॅडम चादरीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "सर, परत एकदा दाखवता का? या खेपेला दारातून."

सरांनी मुलीला परत पलंगावर नेलं. मग दार शोधलं. ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथून व्हरांडा. व्हरांड्यातून पुढच्या पायऱ्या. पायऱ्या उतरून इमारतीला वळसा. सर बटण दाबून बसले होते आणि मुलगी चालत होती. पहिल्या कोपऱ्यावर तिनं वळण चुकवलं आणि ती गेटाकडे गेली. सरांनी तिला मागं आणलं. पाण्याच्या टाकीमागे ती अडकली. अध्यक्षांनी चहा मागवला. चहा आला. मुलगी अजून टाकीमागेच होती.

बटणाचा तेवढा आवाज येत होता.

भोये मॅडम म्हणाल्या, "आणि हा पाऊस नसताना."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "ब्लॉक आत घ्या," म्हणाले. "होता तिथं." मग माझ्याकडे वळून, "ते दार तुमच्याकडे आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. माझी फाइल वेगळी होती. पहिला नियम मीही मोडलेला होता.

परतताना सर गाडी चालवत होते. हायवे संपला, आशागड आलं. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ते समोर बघतच म्हणाले,

"त्या सॉफ्टवेअरला जरा सांगून ठेव. भिंत आली की थांबायचं."