एकदाच चाललेली फीत

देवस्थळी साहेबांची आणि माझी ओळख एका वासामुळे झाली. जळगावहून येऊन मी सिल्वासातल्या सुताच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. साहेब देखभाल विभागाचे प्रमुख. एका दुपारी ते चित्रपटाच्या फितीचा पत्र्याचा गोल डबा घेऊन आले, झाकण उघडलं आणि कसला वास येतो ते विचारलं. व्हिनेगरचा, मी म्हणाले.

"म्हणजे ही फीत मरायला लागली," ते शांतपणे म्हणाले. "जुनी फीत कुजू लागली की असाच वास सुटतो."

सोव्हिएत काळात मध्य आशियात कुठेतरी काढलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला तो चित्रपट. असे कितीतरी डबे साहेबांनी भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या फिल्म सोसायट्यांकडून मिळवले. त्या चित्रपटांसाठी ते रशियन शिकले. नामांकित चित्रपट सोडून हेच का, असं मी विचारलं होतं. नामांकितांना सांभाळायला जग आहे, यांच्यातली माणसं डब्याबरोबरच जातील, असं ते म्हणाले.

माझे वडील वारल्याचा निरोप आला, तेव्हा साहेबांनी स्वतः मला वापी स्टेशनवर पोहोचवलं. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते. तो आधार मी विसरलेले नाही.

ती पहिली फीत धरणासाठी खोरं सोडणाऱ्या मेंढपाळांची होती. गेल्या वर्षी ती फार तर एकदा चालेल, अशा अवस्थेला आली. मुंबईच्या एका संग्राहकांना ती न चालवता, तशीच हवी होती. साहेबांनी नम्रपणे नकार दिला आणि मला सोबत घेऊन ती सिल्वासाजवळच्या दुधनी गावात नेली. तिथल्या वडीलधाऱ्यांची शेतं मधुबन धरणाच्या पाण्याखाली आहेत.

शाळेच्या खोलीत पडदा लावला. डब्यातल्या कागदावरचं रशियन निवेदन साहेब मराठी-गुजरातीत सांगत होते. पडद्यावर एक बाई घर सोडण्याआधी अंगण झाडू लागली. पुढे बसलेल्या लखमीबाई म्हणाल्या, "मी पण झाडलेलं. बुडणार माहीत होतं, तरी झाडलं."

थोड्याच वेळात फीत तुटली. जोडायला घेतली तर हातातच तिचे तुकडे झाले. शेवट साहेबांनी कागदावर वाचला होता, पाहिला कधीच नव्हता. आता ते आवरून निघतील, असं मला वाटलं. पण ते लखमीबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, "अंगणात काय काय होतं तुमच्या?"

बाई संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. साहेब लिहून घेत होते. परतताना मी हळहळले, तेव्हा फीत वाया गेली नाही, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर दर रविवारी ते दुधनीला जातात.

साहेब आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. दुधनीतली अजून बरीच माणसं त्यांची वाट पाहत आहेत. त्या सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत साहेबांचे कान, हात आणि पाय शाबूत राहोत, आणि ते ऐकणं लवकर न संपो.