सात उन्हाळ्यांचा पांढरा

रंगाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. कोकंदच्या बाजारात एकोणतीस वर्षं मी गाड्यांचे रंग कालवून देतो आहे. पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ चुनेवाल्याकडे पाठवतो. आमच्याकडे दहातल्या नऊ गाड्या पांढऱ्या, पण दोन एकसारख्या आणून दाखवा, मी दुकान बंद करीन.

एर्गाश-अका (आमच्यात मानाने सगळ्यांना अका म्हणतात) पहिल्यांदा आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. सोडून बघतो तर गाडीच्या पेट्रोलच्या तोंडावरचं झाकण. नमुना म्हणून आणलेलं. मला माणूस तिथेच आवडला, कारण लोक नुसते तोंडी सांगतात आणि मग भांडायला येतात.

"हुबेहूब पाहिजे, होशिम-अका," ते म्हणाले. "पोराने गाडी घेऊन दिली, पण साधीतली. बंपर, आरसे, दारांच्या मुठी, सगळं काळं प्लास्टिक. आमची हनिफा म्हणते, गाडीने गलोश घातलेत. गलोशवाल्या गाडीतून मी सून आणायला येणार नाही म्हणते."

आमचे म्हातारे चिखलात बुटांवर काळे रबरी गलोश चढवतात. त्या दिवसापासून मला काळ्या बंपरची गाडी दिसली की तेच आठवतं.

एर्गाश-अका शाळेच्या बसवर जन्म काढून निवृत्त झालेले. एकुलता एक इल्योस रशियात इमारतींच्या कामावर. फोनवर बाप-लेकांचं ठरलं होतं की बाबांनी कोऱ्या भागांचा दुसरा संच घेऊन रंगवून ठेवायचा, आणि शरदात इल्योस आला की दोघांनी मिळून बसवायचा. तोवर जुने काळे भाग गाडीवर राहतील. बंपर एकट्याने बसत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरावं लागतं.

मी पांढऱ्यात थेंबभर काळा आणि त्याहून कमी पिवळा घालून रंग कालवला. झाकणावर बोट ओढून दाखवलं, तर बोट कुठे फिरलं ते त्यांना सापडेना. माझ्या सवयीप्रमाणे एका पुठ्ठ्यावर रंगाचा पट्टा ओढला, मागे त्यांचं नाव आणि तारीख लिहिली, खणात टाकला.

आठवड्याने ते तोंड पाडून परत आले. रंग केळ्याच्या सालीसारखा निघत होता.

"प्लास्टिकचं अस्तर लावलंत का आधी?"

"अस्तर वेगळं असतं?"

"नाही, तुमच्यासाठी मी गंमत म्हणून डबा ठेवलाय इथे," मी म्हणालो. "साबणाने धुवा, बारीक पॉलिश कागदाने घासा, अस्तर मारा, मग रंग. आणि वाऱ्यात मारू नका."

आमच्या गावचा वारा ठाऊक असलेला माणूस पहाटेच उठतो. एर्गाश-अका उजाडताच अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवत, जर्दाळूच्या फांद्यांना तारेने आरसे टांगत, आणि हनिफाच्या जुन्या व्हॅक्युम क्लीनरची नळी उलटी लावून त्यानेच रंग फवारत. हनिफा दारातून म्हणे, "जर्दाळू पण पांढरे करून टाका. पोरगं आलं की सगळंच नवीन दिसेल." मी एकदा बघायला गेलो आणि खोटं कशाला बोलू, काम माझ्या ओळखीच्या कारागिरांपेक्षा चांगलं होतं. सगळे भाग जुन्या चादरींत गुंडाळून त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीत संदुकीवरच्या रजयांच्या चळतीत ठेवले. पाहुण्यांसाठी रजई काढायची म्हटलं तरी आधी बंपर उचलावा लागे.

त्या शरदात इल्योसला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षी कागदपत्रांचं काहीतरी अडलं. तिसऱ्या वर्षी त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न केल्याचं कळवलं. सून आणायला जायचं राहिलं ते राहिलंच. एर्गाश-अका मात्र गाडी धुवायचे फडके घ्यायला आले की सांगत, "या शरदात येतोय." मी मान डोलवायचो आणि मनात त्या पोराला शिव्या घालायचो.

सहाव्या हिवाळ्याच्या तोंडाशी हनिफा गेली. आमच्यात दिवस मावळायच्या आत माती देतात, इल्योसला पोचणं शक्यच नव्हतं. तो आला तिच्या वर्षाच्या जेवणाला, पुढच्या शरदात, सहा दिवसांसाठी. पाच दिवस माणसांच्या राबत्यात गेले. सहाव्या दिवशी सकाळी एर्गाश-अकांनी मला बोलावलं. "तुमचा रंग आहे, तुम्ही पाहिजेच." मी खणातला पुठ्ठा उगाचच खिशात टाकून गेलो. मिरवायला, दुसरं काय.

दोघांनी जुने काळे भाग उतरवले, नवे चढवले. इल्योस एका टोकाला, बाप दुसऱ्या टोकाला. एर्गाश-अका त्याला नुसतं "धर, धर" म्हणत होते, आणि त्यांचा तो आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता. मग दोघं चार पावलं मागे सरले आणि गाडीकडे पाहू लागले.

बंपर दुधासारखा होता. गाडी सायीसारखी. आरसे आणि मुठी लांबूनही वेगळ्या उठून दिसत होत्या.

"हे काय, बाबा?" इल्योस हसला. "रंग जमलाच नाही. होशिम-अका, डोळे गेले की काय तुमचे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुठ्ठा खिशात होता. तो बंपरला लावला असता तर केसाचाही फरक दिसला नसता. रंग तोच होता रे बाबा, अंधारात रजयांमध्ये जसाच्या तसा राहिला होता. सात उन्हाळे उन्हात उभी राहून पिवळी पडली ती गाडी. एवढंच म्हणायचं होतं, आणि तारीख दाखवायची होती.

मी खिशात हात घातला तेवढ्यात एर्गाश-अकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. आयुष्यभर गाडी धुतलेला माणूस, त्याला ऊन काय करतं ते मी सांगायला हवं होतं? "माझ्याच हाताचा दोष," ते लेकाला म्हणाले. "मला कुठे येतं हे काम."

लेक दुपारी निघायचा होता. त्याला त्या पांढऱ्यात न आलेली वर्षं मोजायला लावून त्यांना पाठवायचं नव्हतं.

"हात बरोबर होता त्यांचा," मी म्हणालो. "कालवताना मीच चुकलो. पिवळा कमी पडला." एकोणतीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"जाऊ द्या हो, वयच झालं तुमचं," इल्योस माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. त्याच गाडीतून एर्गाश-अकांनी त्याला स्टेशनवर सोडलं.

आठवड्याने ते दुकानात आले, तसंच झाकण रुमालात बांधून. मी म्हणालो, "बसा, आजच्या रंगाला जुळवून देतो. दोन दिवसांचं काम आहे."

"नको," ते म्हणाले. "त्याचा हात लागलाय, ते भाग आता उतरवायचे नाहीत." झाकण ते रुमालावरून अंगठ्याने पुसत राहिले. "मी विचारायला आलो होतो. गाडी उन्हात उभी केली तर होतील ना सारखे? तो पुढच्या खेपेला येईपर्यंत?"

पत्रा काही थांबून राहत नाही. बंपर पिवळा होईल तसा तोही पुढे पिवळा होत जाणार, फरक थोडासा तरी राहतोच. हे माझ्याइतकं कोकंदमध्ये कुणाला ठाऊक नसेल.

"होतील की," मी म्हणालो. "दोन उन्हाळे पुरेत."

त्यांनी झाकण खिशात ठेवलं, बाहेर जाऊन गाडी माझ्या छपराच्या सावलीतून काढली आणि रस्त्यापलीकडे उन्हात लावली. मग परत येऊन चहाला बसले.